जे चित्र सगळ्यांना फुकट मिळतं, ते तुमच्याकडून विकत का घ्यायचं?



संग्रहालयांच्या ओपन डेटावरचा व्हिडिओ टाकला आणि पहिल्याच दिवशी खाली प्रश्न आला: “मॅडम, जे चित्र सगळ्या जगाला फुकट डाउनलोड करता येतं, ते माझ्याकडून कोण कशाला विकत घेईल?” प्रश्न एकदम धंद्याचा आहे. बारा मिनिटांच्या व्हिडिओत त्याला पुरेशी जागा नव्हती, म्हणून हा लेख.

माझं उत्तर असं की, नुसत्या चित्रासाठी कोणीच पैसे देणार नाही. बेसन, तूप, साखर सगळ्यांच्या घरात असते, तरी दिवाळीत लाडवांची ऑर्डर जातेच ना? तसंच हे आहे. चित्र हा आपला कच्चा माल. फरक इतकाच की हा कच्चा माल शून्य रुपयांत मिळतो, त्यामुळे आपली सगळी कमाई पुढच्या कामावर ठरते.

ओपन डेटा म्हणजे काय ते आधी स्पष्ट करते, कारण नव्वद टक्के लोक फक्त चित्रं बघतात आणि थांबतात. संग्रहालय जेव्हा आपला संग्रह खुला करतं तेव्हा दोन गोष्टी मिळतात. एक, वस्तूचा फोटो. दुसरी, त्या वस्तूची नोंद: कधीची आहे, कुठली आहे, कशाची बनलीय, माप किती, संग्रहालयात कशी आली. फोटो सगळे उचलतात. नोंदीकडे कोणी बघत नाही, आणि माझ्या मते खरा माल तिथे आहे.

पिवळी पडलेली दूधवाली

अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये योहानेस व्हर्मिअरचं एक प्रसिद्ध चित्र आहे. १६६० च्या सुमाराचं. एक मोलकरीण भांड्यात दूध ओततेय. निळा अॅप्रन, पिवळी चोळी, खिडकीतून येणारा उजेड. संग्रहालयाच्या लोकांनी शोध घेतला तर इंटरनेटवर या चित्राच्या दहा हजारांहून जास्त प्रती फिरत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक खराब, पिवळट. गंमत पुढेच आहे. संग्रहालयाच्या दुकानात मूळ रंगाचं पोस्टकार्ड विकायला ठेवलं, तर लोकांना तेच खोटं वाटायला लागलं! त्यांनी इंटरनेटवर पिवळी दूधवाली पाहिलेली होती ना. २०११ साली युरोपियाना या संस्थेने हा किस्सा एका अहवालात छापला.

आता दुकानदार म्हणून विचार करा. तुमच्या मालाच्या दहा हजार नकली प्रती बाजारात आहेत. काय कराल? आपल्यापैकी बरेच जण आधी वॉटरमार्क टाकतील, मग वकिलाकडे जातील. राइक्सम्युझियमने उलटं केलं. चांगली, मोठी, खऱ्या रंगाची प्रत स्वतःच फुकट देऊन टाकली. २०१२ साली राइक्सस्टुडिओ नावाने त्यांनी सुमारे सव्वा लाख चित्रं ऑनलाइन ठेवली आणि लोकांना सांगितलं, डाउनलोड करा, कापा, छापा, वस्तू बनवा. नुसतं सांगून थांबले नाहीत, २०१४ पासून अशा वस्तूंची स्पर्धाही सुरू केली. पहिलं बक्षीस दहा हजार युरो.

२०१७ सालच्या स्पर्धेत बेलारूसच्या एका डिझायनरने पहिला नंबर काढला. वस्तू काय होती? झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी. जुन्या चित्रांतल्या माणसांचे फक्त डोळे कापून घेतले आणि पट्टीवर छापले. म्हणजे तुम्ही गाढ झोपलाय, आणि चेहऱ्यावर तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या कोणाचे तरी डोळे टक्क उघडे. बघणारा हसणारच. प्रवासाला निघालेला माणूस विमानतळावर हे विकत घेणारच.

मी बॅचमध्ये हे उदाहरण दरवेळी देते. त्या डिझायनरकडे तुमच्या-माझ्यापेक्षा वेगळं काही नव्हतं. तीच वेबसाइट, तीच चित्रं. त्याने आख्खं चित्र मगवर छापलं नाही, इतकंच. आपल्याकडे अजून ‘प्रसिद्ध चित्र घ्या, मगवर टाका, दोनशे रुपयांना विका’ इथेच गाडी अडलीय. सबलिमेशनचं मशीन आता प्रत्येक तालुक्यात आहे. मगवर चित्र टाकणं हे आता कौशल्य राहिलेलं नाही.

छापायच्या आधी चार ओळी वाचा

आता जरा रुक्ष भाग. पण इथे पैसे बुडतात, म्हणून घाई करणार नाही.

आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी गेल्या वर्षी एक कल्पना आणली. भिशीचे अडतीस हजार हातात आले होते. त्यातून शिवाजी महाराजांच्या जुन्या, समकालीन चित्राचं कॅलेंडर काढायचं आणि गावातल्या एका बियाणे-खतांच्या दुकानदाराला द्यायचं. त्याच्या दुकानाची जाहिरात खाली. ऑर्डर तोंडी पक्की होती. छापखान्याला अॅडव्हान्स द्यायला निघाल्या होत्या, त्याआधी फाइल मला दाखवायला आणली. चित्र सुरेख होतं. मी विचारलं, “ताई, हे कुठून घेतलं?” त्या म्हणाल्या, “ब्रिटिश म्युझियमच्या साइटवरून. तिथे डाउनलोडचं बटण आहे की!”

बटण आहे, बरोबर. पण बटणाच्या जवळ एक ओळही असते. ब्रिटिश म्युझियम आपले फोटो ज्या लायसन्सखाली देतं त्यात ‘एनसी’ अशी दोन अक्षरं आहेत, म्हणजे नॉन-कमर्शियल. अभ्यासाला वापरा, विकायला नाही. विकायचं तर वेगळी परवानगी आणि वेगळी फी.

तशीच एक गोष्ट राइक्सम्युझियमकडेही आहे. विट्सेन अल्बम म्हणून ओळखला जातो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवळकोंड्याकडे काढलेली ४९ लघुचित्रं, भारतातल्या राजे-सरदारांची, आणि त्यांत महाराजांचंही चित्र आहे. तिथे मात्र चित्र पब्लिक डोमेनमध्ये आहे, विकायलाही हरकत नाही. म्हणजे एकाच काळातली, एकाच व्यक्तीची दोन चित्रं. लंडनमधल्याला अट आहे, अॅमस्टरडॅममधल्याला नाही. चित्र जुनं असणं आणि त्याचा फोटो वापरायची मोकळीक असणं या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या.

ताई खूश. “मग डच वालं टाकते!” मी म्हटलं, थांबा अजून. १९५० चा एक कायदा आहे, बोधचिन्हं आणि नावं यांचा अनुचित वापर रोखणारा. त्याच्या यादीत राष्ट्रीय चिन्हांबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्रही आहे, गांधीजी आणि नेहरूंसारखंच. धंद्यासाठी वापरायचं तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. कॅलेंडरला सूट आहे, पण ती कधी? जेव्हा कॅलेंडरवर फक्त ते बनवणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव असेल आणि ते मालाच्या जाहिरातीसाठी वापरलं जात नसेल तेव्हा. ताईंच्या कॅलेंडरवर तर खाली युरियाच्या पोत्याचा फोटो होता.

बाजारात सर्रास चालतं, मला माहितीय. तुम्ही म्हणाल, कोण बघतंय? पण दुकानदार पैसे देताना तुमच्याकडून बिल घेतो, आणि बिलावर तुमचं नाव असतं. अडतीस हजार भिशीचे होते. ताईंनी महाराजांचं चित्र काढलं, त्या जागी जुन्या वनस्पतिचित्रांमधली पिकं टाकली: कापूस, ऊस, हळद, मिरची. दर महिन्याला एक. बियाण्याच्या दुकानाला ते जास्तच शोभलं, असं माझं मत. प्रत्येक पिकाखाली त्यांनी वडिलांकडून विचारून पेरणीचा महिना लिहिला. खतवाल्याने प्रती वाढवून मागितल्या.

तर लायसन्स वाचायची सवय लावा. ‘सीसी झिरो’ किंवा ‘पब्लिक डोमेन’ दिसलं की निर्धास्त. ‘सीसी बाय’ म्हणजे विका, पण श्रेय छापा. ‘एनसी’ दिसलं की पान बंद. ‘एनडी’ म्हणजे चित्रात बदल करून पुढे द्यायची मुभा नाही, तेही आपल्या कामाचं नाही. आणि काहीच लिहिलं नसेल तर ते खुलं नाही असंच धरायचं. गूगलवर दिसतं म्हणून खुलं, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका.

आपल्या चित्रकारांचं गणित सोपं आहे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, मोजायचं पुढच्या जानेवारीपासून. राजा रविवर्मा १९०६ साली गेले, म्हणजे प्रश्नच नाही. धुरंधर १९४४ साली गेले, त्यांचंही २००४ अखेर संपलं. पण दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत हात लावायचा नाही. दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं टोट बॅगवर छापलेली मी प्रदर्शनांमध्ये बघते. त्या मुलांनी वारसांना विचारलं असेल तर उत्तम.

आणखी एक, कायद्यात नसलेलं. देवाचं चित्र पायपुसणी, चप्पल, टाकून द्यायचं पॅकिंग यांवर नको. कोणी तक्रार करो न करो, आपलं गिऱ्हाईक दुखावतं आणि ते आपल्याला सांगायलाही येत नाही, फक्त परत येत नाही.

आता नोंदीकडे वळू

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने, ज्याला सगळे ‘मेट’ म्हणतात, फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रं सीसी झिरोखाली खुली केली. त्यासोबत आपल्या संग्रहाच्या नोंदींचा एक मोठा तक्ताही गिटहबवर ठेवला. सीएसव्ही फाइल, म्हणजे आपल्या एक्सेलमध्ये उघडते ती. साडेचार लाखांहून जास्त ओळी आहेत. एक्सेलची एका पानाची मर्यादा दहा लाख अठ्ठेचाळीस हजार ओळींची, त्यामुळे बसते. पण फाइल काही शे एमबीची आहे, चार जीबी रॅमचा लॅपटॉप रडतो. चहा टाकून या.

उघडल्यावर घाबरू नका. ‘इज पब्लिक डोमेन’ नावाचा एक रकाना आहे, त्यात ‘ट्रू’ फिल्टर लावा. लायसन्सचा प्रश्न इथेच मिटला. मग ‘कल्चर’ च्या रकान्यात इंडिया शोधा. तिथे नोंद एकसारखी नाही: कुठे नुसतं इंडिया, कुठे कंसात प्रांताचं नाव, कुठे दख्खन. म्हणून ‘कंटेन्स’ वापरा, ‘इक्वल्स’ नको. पुढे ‘मीडियम’ म्हणजे वस्तू कशाची आहे, ‘ऑब्जेक्ट बिगिन डेट’ म्हणजे कधीची, ‘डायमेन्शन्स’ म्हणजे माप. शेवटी लिंक, जिच्यावर टिचकी मारली की थेट त्या वस्तूचं पान.

आता दुकानातला स्टॉक काढतो तसा पिव्होट टेबल लावा. बीकॉम, बीबीए झालेल्यांना हे हातचा मळ आहे. ओळीत मीडियम, रकान्यात शतक, मध्ये संख्या. दोन मिनिटांत दिसतं, कुठे गर्दी आहे आणि कुठे मोजके नग. गर्दीतल्या वस्तूंवर सगळे धंदा करतायत. मोजक्या नगांत तुम्हाला वेगळं काही सापडू शकतं. एखादा अडकित्ता, एखादी पानदानी, सोंगट्यांचा पट. हे शोधणं म्हणजे जुन्या बाजारात फिरण्यासारखंच आहे, फक्त पायांना धूळ लागत नाही.

नोंदीतून चित्र कसं तयार होतं, याची दोन उदाहरणं देते.

न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने जानेवारी २०१६ मध्ये एक लाख ऐंशी हजारांहून जास्त वस्तू खुल्या केल्या तेव्हा त्यांच्या टीमने एक पान बनवलं. सगळ्या वस्तू नखाएवढ्या चौकोनांत एकाच पानावर. एक बटण दाबलं की शतकाप्रमाणे रांग लागते, दुसरं दाबलं की प्रकाराप्रमाणे, तिसरं दाबलं की रंगाप्रमाणे. रंगाप्रमाणे लावल्यावर जुने नकाशे, पत्रं, फोटो सगळ्यांची मिळून एक मोठी तपकिरी गोधडी दिसते आणि मध्ये मध्ये लाल-निळे टाके. एकही चित्र नवीन काढलेलं नाही. फक्त रांग बदलली.

दुसरं उदाहरण माझं जास्त लाडकं, कारण ते एका माणसाचं काम आहे. १८१४ मध्ये पॅट्रिक साइम नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने व्हेर्नर या खनिजतज्ज्ञाच्या रंगयादीवरून एक छोटं पुस्तक काढलं. १८२१ च्या दुसऱ्या आवृत्तीत एकशे दहा रंग आहेत. प्रत्येक रंगाचा ठिपका, नाव, आणि पुढे तो रंग कोणत्या प्राण्यात, कोणत्या झाडात, कोणत्या खनिजात सापडतो ते. डार्विनने हे पुस्तक जहाजावर सोबत नेलं होतं. पुस्तक कधीच खुलं झालंय, स्कॅन फुकट आहे. अमेरिकेतल्या एका डिझायनरने २०१८ मध्ये ते घेतलं, प्रत्येक रंगासमोर त्या प्राण्याचा, फुलाचा, खनिजाचा फोटो लावला, सुंदर वेबसाइट केली आणि एक पोस्टर बनवून विकायला ठेवलं. वेबसाइट फुकट, पोस्टर विकत. पुढे त्याने इंग्लंडमधल्या एलिझाबेथ ट्वाइनिंग यांच्या वनस्पतींच्या पुस्तकातली १६० चित्रं अशीच साफ केली आणि त्यांचीही पोस्टर्स केली. स्कॅन सगळ्यांकडे होता. एकशे साठ चित्रांवरचे डाग पुसत बसायची तयारी किती जणांकडे होती?

मराठी रंगांचा तक्ता

यावरून मी माझ्या दुकानासाठी जे करतेय ते उघड सांगते. चोरलं तरी चालेल, का ते पुढे येईलच.

मराठीत रंगांची नावं ऐका: डाळिंबी, अंजिरी, आमसुली, बदामी, लिंबी. ही खायची. अबोली, गुलबक्षी, केतकी. ही फुलं. पोपटी, मोरपंखी. हे पक्षी. हळदी, केशरी हे स्वयंपाकघरातले. विटकरी, शेंदरी, राखाडी, शेवाळी, आकाशी, मोतिया. आणि तपकिरी! तपकीर ओढणारं आता घरात कोणी नाही, पण तिचा रंग शिल्लक आहे. साइमने प्राणी, वनस्पती, खनिज असे तीन रकाने मुद्दाम केले. आपल्या आज्यांनी नावातच रकाने करून ठेवलेत.

आता याला चित्रं कुठली? लंडनच्या वेलकम कलेक्शनकडे रविवर्मा छापखान्यातली बरीच रंगीत चित्रं आहेत, काही पब्लिक डोमेन, काही सीसी बाय. लक्ष्मी, सरस्वती, मोहिनी, दमयंती. आपल्याला आख्खी देवी नकोय. साडीचा, शालूचा, काठाचा एक इंचाचा चौकोन हवाय. तो चौकोन कापायचा, खाली रंगाचं मराठी नाव, त्याखाली बारीक अक्षरात चित्राचं नाव, साल, संग्रहालयाचा नोंद क्रमांक. असे छत्तीस चौकोन. बारा बाय अठरा इंचाचं पोस्टर.

इथे पिवळी दूधवाली परत आठवा. रंगांचाच तक्ता करतोय म्हटल्यावर फॉरवर्ड होऊन आलेलं पिवळट चित्र वापरलं तर मोतियाचा हळदी होईल आणि आकाशीचा शेवाळी. म्हणून संग्रहालयाची स्वतःची, मोठी फाइल. बारा बाय अठराला तीनशे डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. छोट्या चौकोनाला कमी लागतील, पण ते कापलेल्या तुकड्यात असले पाहिजेत, आख्ख्या चित्रात नाही. आणि प्रूफ काढल्याशिवाय हजाराची ऑर्डर देऊ नका. राणी आणि मोरपंखी हे दोन रंग स्क्रीनवर झळकतात आणि छपाईच्या चार शाईंत मरतात. छापखानेवाला तुम्हाला हे आपणहून सांगणार नाही.

नावं कोण ठरवणार? मी नाही. साडीच्या दुकानात तीस-तीस वर्षं काउंटरवर बसलेले काका असतात. त्यांच्यासमोर तुकडे ठेवा. माझ्याकडे दोन काका एका चौकोनावरून भांडले: एक म्हणे आमसुली, दुसरे म्हणे वांगी. ते भांडणच पोस्टरवर टाकलं, एका चौकोनाला दोन नावं. लोक तिथेच थांबतात आणि आपल्या आईला फोन लावतात.

हिशोब करू. आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदलतील, पद्धत बघा. धरा, तीनशे जीएसएम आर्ट कार्डवर छपाई ४५ रुपये, मॅट लॅमिनेशन १०, पुठ्ठ्याची नळी आणि पॅकिंग ३०. झाले ८५. विक्री २४९. एका पोस्टरमागे १६४ उरले. आता तुमचा वेळ. शोधणं, कापणं, काकांकडे फेऱ्या, मांडणी मिळून साठ तास धरा. तासाला दीडशे रुपये स्वतःला लावा, नऊ हजार झाले. नऊ हजाराला १६४ ने भागा: पंचावन्न पोस्टर विकल्यावर तुमची मजुरी सुटते. छप्पन्नाव्यापासून धंदा. बहुतेक जण मजुरी धरतच नाहीत आणि मग म्हणतात, ‘खूप विकलं पण हातात काही राहिलं नाही.’

विकायचं कुणाला? साडीची दुकानं, बुटिक, शिवणक्लास, बालवाडीच्या बाई. आणि परदेशातली मराठी मंडळं, जिथे मुलांना ‘पर्पल’ येतो पण ‘जांभळा’ शिकवायचाय. नवरात्रात नऊ रंगांची यादी फिरायला लागते, त्याच्या पंधरा दिवस आधी माल तयार पाहिजे.

कॉपी होईल? होणारच. म्हणून म्हटलं, चोरलं तरी चालेल. तुमच्या गावातले काका वेगळे, त्यांची नावं वेगळी. नागपूरकडचा तक्ता आणि कोकणातला तक्ता सारखा यायचाच नाही. तुमचा सारखाच आला, तर तुम्ही काकांकडे गेलाच नाहीत.

हे काही नवीन नाही

रविवर्मांनी स्वतः हेच केलं होतं. तैलचित्र एका राजवाड्यात जाणार, म्हणून १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणली. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. कर्ज झालं आणि छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, श्लायशर यांना विकावा लागला. प्रसिद्ध चित्र हातात असूनही धंदा तोट्यात जाऊ शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखं. पण मला त्यातली दुसरी गोष्ट आवडते. ती छापील चित्रं घरी आल्यावर बायका त्यांना खरी जर, टिकल्या, कापड चिकटवून सजवायच्या. हजारो घरांत एकच चित्र, पण प्रत्येक घरची लक्ष्मी वेगळी साडी नेसलेली.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे, आणि ती मला टोचते. १८६६ मध्ये लंडनच्या इंडिया म्युझियममधल्या जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी भारतातल्या कापडांचे सातशे नमुने अठरा खंडांत चिकटवले. लुगडी, पागोटी, धोतरं, मलमल. प्रत्येक तुकड्याखाली नोंद: कुठून घेतला, लांबी-रुंदी, वजन, किंमत. असे वीस संच केले. तेरा ब्रिटनमध्ये ठेवले, सात भारतात. उद्देश स्वच्छ होता: तिथल्या गिरणीवाल्यांनी नमुने बघावेत आणि भारतीय गिऱ्हाइकाला आवडेल असं कापड काढावं. वॉटसन यांनी नोंदीत लुगडं कसं नेसतात, काठ कुठे दिसतो, पदर कुठे येतो हे सुद्धा समजावलंय, कारण काठ चुकीच्या ठिकाणी विणला तर माल पडून राहतो.

नीट बघितलं तर तो ओपन डेटाच होता, फक्त तेरा जागी तिकडे आणि सात जागी इकडे उघडा. मँचेस्टरवाल्याला सुंदर कापडाचा फोटो नको होता, त्याला खालची नोंद हवी होती. वॉटसन यांचं पुस्तक आता स्कॅन होऊन सगळ्यांसाठी खुलं आहे. इचलकरंजी, सोलापूर, मालेगावच्या कोणी माग चालवणाऱ्या पोरांनी ते उघडून पाहिलंय का, मला उत्सुकता आहे. पाहिलं असेल तर मला लिहा, आपण चॅनेलवर बोलू.

जाता जाता दोन कामाच्या सूचना. पोस्टर असो वा पिशवी, मागे संग्रहालयाचं नाव आणि नोंद क्रमांक छापा, सीसी झिरोमध्ये सक्ती नसली तरी. दुकानात गिऱ्हाईक मागे वळवून बघतं, तिथे लंडन-न्यूयॉर्कच्या नोंदीचा क्रमांक दिसला की भाव करायचं निम्मं कमी होतं. मात्र त्यांचा लोगो वापरायचा नाही आणि ‘अधिकृत’ हा शब्द तर नाहीच. चित्र खुलं आहे, त्यांचं नाव आणि ब्रँड त्यांचाच आहे. आणि ज्या दिवशी फाइल उतरवली त्या दिवशी लायसन्स दिसेल असा पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवा. उद्या एखाद्या ऑनलाइन विक्रीच्या साइटने पुरावा मागितला तर शोधाशोध नको.

पुढच्या व्हिडिओत मेटची फाइल स्क्रीनवर उघडून फिल्टर आणि पिव्होट लावून दाखवते. लॅपटॉप घेऊन बसा, मोबाइलवर ती फाइल उघडणार नाही. आणि घरात जुन्या साड्या असतील तर रंगांची नावं आजच आजीला विचारून लिहून ठेवा.